झहारीची पाठमोरी माणसं

“भिंतीवर तोंड असतं ते मेलेल्याचं, काको. जिवंत माणूस पाठमोराच बरा.”

झहारी हे एकदा बोलला होता, दाफिनाच्या दुकानाच्या पायरीवर बसून, ब्रश चिंधीला पुसता पुसता. काको म्हणजे थोरली बहीण. दाफिना त्याच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी होती, पण बल्गेरियातल्या विदिन गावच्या त्या वसाहतीत तेवढंही पुरतं. एकदा कुणी काको झाली की जन्मभर काकोच राहते, आणि त्या शब्दाच्या आडोशाला दोघांनाही बसता येतं.

आता झहारीचं स्वतःचं तोंड भिंतीवर आहे. तो वसंतात गेला, सोफियात. तिथून आणून त्याला आईशेजारी पुरलं. नवव्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी आणि आता सहा महिने झाल्यावर त्याचा काळ्या चौकटीचा कागद निघाला. वर क्रूस, मध्ये फोटो, खाली नाव, आणि जाऊन किती दिवस झाले तो आकडा. घरचं कुणी उरलं नाही, म्हणून कागद दाफिना लावते. खळीचं भांडं आणि रुंद ब्रश घेऊन ती निघते. चौदा नंबरच्या इमारतीचं दार, बसस्थानकाचा खांब, जुन्या छापखान्याचं फाटक. कागद नीट बसायचा तर त्याच्यावरून तळवा फिरवावाच लागतो, नाहीतर आत हवा राहते. पहिल्यांदा तिने तसा तळवा फिरवला तेव्हा तिच्या लक्षात आलं की झहारीची डावी भुवई मध्येच तुटलेली होती. चाळीस वर्षांची ओळख, पण हे तिला माहीत नव्हतं. तो कायम कशाकडे तरी तोंड करून असायचा. छापखान्यातल्या टेबलाकडे, गॅरेजच्या दाराकडे, नाहीतर तिच्या दुकानातल्या रंगांच्या डब्यांकडे.

“नवऱ्याचा एक कागद तुझ्याच्यानं लागला नाही,” शेजारची गिन्का तिला म्हणते, “आणि याचे तीन लावलेस.”

“लावले,” दाफिना म्हणते.

स्वतःच्या गॅरेजच्या दारावर मात्र ती हा कागद लावत नाही. त्या दारावर झहारीनेच काढलेलं काहीतरी आहे, आणि त्याच्यावर खळीचा थेंबसुद्धा उडू नये म्हणून ती भांडं दुसऱ्या हातात घेऊन तिथून जाते.

झहारीचा बाप नदीवरच्या फेरीबोटीवर होता. पूल व्हायच्या आधीची गोष्ट. आयुष्यभर त्याने लोकांना पलीकडच्या रुमानियात नेऊन सोडलं आणि स्वतः रोज संध्याकाळी जेवायला घरी आला. आई इस्पितळाच्या धुलाईघरात. पोरगा भिंतीवर कोळशाने रेघोट्या ओढतो म्हणून मार खायचा, आणि मार खाऊन झाला की त्याच भिंतीवर मारणाऱ्या बापाचा हात काढायचा. चित्रकलेच्या शाळेत त्याला घेतलं नाही. मग तो गावातल्या छापखान्यात लागला आणि त्याच्या वाट्याला कागद आले.

कागदासाठी फोटो लागतो. माणूस मेल्यावर घरचे फोटो शोधायला लागतात, आणि तेव्हा त्यांना कळतं की त्याचा एकट्याचा फोटोच नाही. लग्नातला असतो, पुतण्याच्या बारशातला असतो, डुक्कर मारताना काढलेला असतो. त्या गर्दीतून तेवढं एक तोंड कापून काढायचं, हे झहारीचं काम. शेजारच्याचा खांद्यावर पडलेला हात पुसायचा. हातातला पेला पुसायचा. कधी बायकोचे उडालेले केस नवऱ्याच्या गालावर आलेले असायचे, ते एकेक करून काढायचे. वीस वर्षं त्याने हे केलं. गावात मेलेला प्रत्येक माणूस त्याने आधी इतरांपासून सोडवला आणि मगच चौकटीत बसवला.

“तुझ्या हाताखालून गेल्याशिवाय मरताच येत नाही बाबा या गावात,” गिन्का त्याला म्हणायची.

“तू घाई करू नकोस,” तो म्हणायचा. “तुझे सगळे फोटो खाताना काढलेत. फार काम आहे.”

संध्याकाळी तो दाफिनाच्या दुकानात यायचा. दुकान तसं खिळे-कड्या-कुलपांचं, मागच्या फळीवर रंग. परत आलेले, अर्धे राहिलेले, झाकणावर साय धरलेले डबे ती त्याला द्यायची आणि तो त्यांनी इमारतींच्या मागच्या पत्र्याच्या गॅरेजांवर काढायचा. गॅरेजं नावाचीच. गाडी चारपाच जणांकडे. बाकीच्यांनी आत बरण्या, बटाटे, जुने पलंग आणि निवृत्त नवरे ठेवलेले. झहारी तिथे मासे काढायचा, द्राक्षाचे वेल काढायचा, बापाची बोट काढायचा. लोक म्हणायचे, छान आहे, गंज तरी दिसत नाही.

मग टायरचा कारखाना बंद पडला आणि माणसं जायला लागली. आधी एकेक, मग बस भरून. इटली, जर्मनी, स्पेन. एकदा मागे राहिलेल्यांनी बाकावर बसून मोजायला घेतलं की कुठल्या मजल्यावर दिवा लागतो, आणि तिसऱ्या इमारतीपाशीच सोडून दिलं.

गिन्काची मुलगी इस्क्रा इटलीला गेली, एका म्हातारीची देखभाल करायला. गिन्का आठवडाभर रडली आणि आठवडाभर शेजारणींना सांगत राहिली की ती रडत नाहीये. झहारीला वाटलं, हिला काहीतरी द्यावं. गिन्का बहिणीकडे खेड्यात गेलेली बघून त्याने तिच्या गॅरेजच्या दारावर इस्क्राचं तोंड काढलं. दारभर मोठं, हसणारं, डोळे समोर. इतकं हुबेहूब की रंग वाळायच्या आत खाली माणसं उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चमधून परतणाऱ्यांपैकी कुणीतरी दाराशी दोन कार्नेशन ठेवली. दोन. जिवंत माणसाला विषम फुलं, मेलेल्याला सम. हे तिथे कुणाला शिकवावं लागत नाही. मग दुसऱ्याने चार ठेवली. एकाने मेणबत्ती लावली. चुलत मावशी मेलेल्याच्या नावाने वाटतात तो साखर घालून उकडलेला गहू घेऊन आली आणि वाटीवाटीने येणाऱ्याजाणाऱ्याला देऊ लागली. झहारी दुपारी तिथे पोहोचला तेव्हा इस्क्राच्या हनुवटीखाली फुलांचा ढीग होता, आणि तेवढ्यात गिन्का पिशव्या घेऊन बसमधून उतरून चालत आली.

ती जी मटकन बाकावर बसली ती तासभर उठली नाही. शेवटी दाफिनाने दुकानातल्या फोनवरून इटलीला फोन लावून दिला. पलीकडून इस्क्राचा आवाज आला, “आई, नंतर कर ना, म्हातारी टबमध्ये आहे, थंड पडेल.”

“तू जिवंत आहेस का?” गिन्काने विचारलं.

“सध्या तरी. का?”

गिन्काने फोन ठेवला, चप्पल हातात घेतली आणि झहारीला शोधायला निघाली. “मेल्या, हातीपायी धड पोर माझी, पुरून टाकलीस तिला! कागद छापून छापून डोळे फुटलेत तुझे! भिंतीवर कुणाची तोंडं असतात, ठाऊक नाही तुला?”

तिचं खरं होतं. त्या गावात भिंतीवरून माणसाकडे बघणारी तोंडं मेलेल्यांचीच होती. हे सगळ्यांत चांगलं ज्याला कळायला हवं, त्यालाच सुचलं नव्हतं. झहारी दुकानात गेला. दाफिनाकडून त्याने तपकिरी रंगाचा डबा घेतला आणि इस्क्राच्या कपाळावरून केस खाली ओढले. डोळ्यांवरून, नाकावरून, हसणाऱ्या ओठांवरून. संध्याकाळपर्यंत तोंड पूर्ण झाकलं आणि दारावर एका मुलीचं पाठमोरं डोकं उरलं. मग त्याने खाली मान काढली, खांदे काढले, खांद्यावर पिशवी दिली. पोरगी वळली आणि जाऊ लागली.

गिन्का बराच वेळ बघत उभी राहिली. “हां,” ती म्हणाली. “अश्शीच गेली बया. एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही.” आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा उघड उघड रडली.

त्यानंतर सगळ्यांनाच पाठी हव्या झाल्या. पण पाठीचा फोटो कुणाकडे असतो? म्हणून झहारी विचारायला बसायचा. पिशवी कुठल्या खांद्यावर होती? पाय कुठला ओढायचा? बसच्या पायरीवर चढताना हात कुठे धरला? लोकांना सगळं आठवायचं. तोंड विसरलेल्या आयांनासुद्धा ते आठवायचं. बस दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी बघितलं होतं ते तेवढंच.

दाफिनाचा नवरा ल्युबेन कारखान्यात वायरमन होता. तो स्पेनला गेला, संत्र्यांच्या बागांत. झहारी तिच्यासमोर पायरीवर बसला आणि त्याने तेच प्रश्न विचारले.

“डावा खांदा पडलेला,” ती म्हणाली. “लहानपणी झाडावरून पडला होता. आणि जाकिटाची कॉलर.”

“काय कॉलरचं?”

“एका बाजूने आत गेली होती. डावीकडून. मला दिसलं, आणि वाटलं, बसमध्ये चढायच्या आधी नीट करीन. मग सामानाची गडबड झाली. मग तो चढला.”

“जाकीट कुठलं?”

“तपकिरी.”

“तपकिरी तर इस्क्राच्या केसांत संपला,” झहारी म्हणाला. त्या आठवड्यात दुकानात बसथांब्याच्या रंगकामातला निळा तेवढा उरला होता, तर ल्युबेन निळ्या जाकिटात गेला. कॉलर डावीकडून आत वळलेली. रोज सकाळी बरणी काढायला दाफिना गॅरेज उघडायची आणि रोज तिचं बोट आपोआप त्या कॉलरपाशी जायचं. काही वर्षांनी त्या जागचा रंग थोडा झिजला. आणि काही वर्षांनी तिला तपकिरी जाकीट आठवेनासं झालं. स्वप्नातसुद्धा ल्युबेन निळ्यातच यायचा.

ल्युबेन पहिली दोन वर्षं दर रविवारी फोन करायचा. मग ईस्टरला आणि नाताळला. मग एका ईस्टरला फोन आला नाही, आणि तिने लावला तर तो नंबरच अस्तित्वात नव्हता. ओळखीच्यांकडे विचारलं. कुणी म्हणे तो दक्षिणेला गेला, कुणी म्हणे फ्रान्सला, कुणी म्हणे बागेत अपघात झाला होता, पण तो दुसराच कुणी विदिनचा असेल. एवढंच. दाफिनाला काळं घालता येईना आणि रंगीत घालवेना. ती वर्षानुवर्षं राखाडी घालत राहिली. टेबलावर दुसरी थाळी मांडणं तिने सोडलं, पण फडताळात ती थाळी सगळ्यात वर राहिली. तिला फक्त एवढंच कळायला हवं होतं, तो आहे की नाही. परत ये असं ती आता मनातही म्हणत नव्हती.

पाचव्या वर्षी गिन्का म्हणाली, “कागद लाव आणि मोकळी हो. चुकीचा निघाला तर निघाला, इस्क्राला मीही एकदा पुरलीच आहे.” दाफिना फोटो घेऊन छापखान्यात गेली. झहारीने फोटो बघितला. नदीकाठचा, उन्हातला, ल्युबेन डोळे बारीक करून हसतोय. त्याने तो काउंटरवरून तिच्याकडे परत सरकवला.

“हा नाही चालणार.”

“का? हसतोय म्हणून? हसणारे मरत नाहीत?”

“मरतात. पण हा फोटोकडे बघून हसत नाहीये, काको. फोटो काढणाऱ्याकडे बघून हसतोय. फोटो तू काढला होतास ना?”

“मी.”

“मग यातून मला तुला काढता येणार नाही,” झहारी म्हणाला आणि टेबलाकडे वळला.

फोटोत ती कुठेच दिसत नव्हती, होती ती त्या हसण्यात. तो काय म्हणाला ते तिला घरी पोहोचल्यावर कळलं. गिन्का बाकावरून म्हणायची, “अर्धा डबा पांढरा न्यायला हा आठवड्यातून तीनदा येतो. एवढा पांढरा लावतो कुठे?” दाफिना डब्यांवरची धूळ पुसत राहायची. जे माहीत असतं ते विचारलं की नाहीसं होतं.

मग कुणीतरी गॅरेजांचे फोटो काढले, आणि सोफियाहून एक गॅलरीवाली आली. तिने दोन तास त्या गल्लीत फेऱ्या मारल्या, डोळे पुसले, आणि वर्षभरात झहारी सोफियात होता. छापखाना तेव्हा तसाही बंद होत आला होता. तो निघाला त्या दिवशी दाफिना स्थानकावर गेली नाही. कशाला आणखी एक पाठ.

त्याचं नाव झालं. गॅलरीवालीने काढलेल्या जाड पुस्तकात ल्युबेनच्या दाराचा फोटो आला आणि खाली कुणी दोन पानं लिहिलं, की हा निळा म्हणजे नदी आहे, सीमा आहे, दुरावा आहे. गिन्काने ते बाकावर मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, “बसथांबा कुठे लिहिलाय?”

दोघी एकदा सोफियाला जाऊनही आल्या. पांढऱ्या भिंती, शांतता, हातात पेले घेतलेली माणसं. कॅनव्हासवर मोठमोठ्या पाठी. झहारी काळा कोट घालून एका कोपऱ्यात उभा होता, आणि लोक त्याच्याशी बोलत असताना तो त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघत होता. दाफिनाने सगळी चित्रं नीट बघितली.

“ही माणसं कुठे चाललीत?” तिने त्याला विचारलं.

“कुठेच नाही, काको. तासाच्या बोलीवर येऊन उभी राहतात. चित्र झालं की कपडे घालून घरी जातात.” मग त्याने विचारलं, “दुकानात तो साय धरलेला राखाडी आहे का अजून?”

“आहे.”

“देऊ नकोस कुणाला.”

पण त्या राखाडीसाठी तो आला नाही. त्याच्याऐवजी ट्रक आला. गॅलरीला आता खरी दारं हवी होती. जुनं दार द्या, नवं बसवून देतो. लोकांनी दिली. का देणार नाहीत, नवी दारं गंजत नव्हती आणि कुलूप एका झटक्यात लागायचं. एकेक दार बिजागऱ्यांतून निघालं, घोंगडीत गुंडाळलं गेलं. इस्क्रा ट्रकवर चढली तेव्हा गिन्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, “दुसऱ्यांदा चालली, आणि या खेपेलासुद्धा बघितलं नाही.” चार वर्षांत सगळी गल्ली राखाडी झाली. फक्त ल्युबेन राहिला. दाफिनाला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली.

दारं परदेशात फिरली. स्पेनला, वालेन्सियालाही गेली. इस्क्राने फोनवर आईला फोटो पाठवला, त्यात झहारी दारांच्या मध्ये उभा होता. गिन्काने तो दाफिनाला दाखवला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. ल्युबेनची शेवटची खबर आली होती ती त्याच भागातून.

त्यानंतर वर्षभराने झहारी आला, ऑक्टोबरात. गॅरेजांपुढे बायका हिवाळ्याच्या बरण्यांसाठी लाल मिरच्या भाजत होत्या आणि सगळ्या गल्लीत करपलेल्या सालीचा गोड धूर होता. ट्रक तोंडाशी थांबला. दोन कामगार आणि एक कोरं राखाडी दार. झहारी वाळला होता. कोट खांद्यांवर टांगल्यासारखा दिसत होता. तो दुकानाच्या पायरीवर जुन्या जागी बसला. दाफिनाने त्याच्यासमोर भाजलेली मिरची, खारं चीज, पाव आणि घरच्या दारूचा, रकियाचा पेला ठेवला. त्याने मिरची खाल्ली. पेल्याला हात लावला नाही.

“डॉक्टरने सांगितलंय?” तिने विचारलं.

“सांगितलंय.”

ती मिरच्या सोलत राहिली. काळी साल बोटांना चिकटत होती.

“वालेन्सियाला गेला होतास म्हणे.”

“गेलो होतो.”

“आपली माणसं आली होती बघायला?”

“रविवारी आली. बागांतून बस करून. दारांना हात लावून बघत होती. रखवालदार ओरडून ओरडून थकला.” तो थांबला. “एकाने स्वतःची पाठ ओळखली. म्हणाला, मी एवढा वाकलेला नाही. बायको म्हणाली, आहेस.”

दाफिना हसली नाही. तोही हसला नाही. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि तो डब्यांच्या फळीकडे बघत होता. तिच्या हातातली मिरची तशीच राहिली. याला माहीत आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं. काय, ते कळलं नाही.

“दार हवंय, काको,” तो म्हणाला. “ते म्हणतात, त्याच्याशिवाय पुरं होत नाही. मी शेवटचं मागतोय.”

“ने.”

त्याने नकाराची तयारी केली होती. हात गुडघ्यांवर तसेच राहिले.

“ने म्हणते ना. पण नवं दार मला कोरं नको.”

“काय काढू?”

तिने बोटं पुढ्यातल्या एप्रनला पुसली आणि सावकाश बोलली. “मला सांगू नकोस. तू सांगायला लागशील आणि मी मध्येच थांबवीन, आणि अर्धवट ऐकलेलं मग मला जन्मभर पुरेल. तू काढ. तोंड काढायचं असेल तर तोंड काढ. मी उद्या काळं घालते, गहू उकडते, कागद लावते. पाठ काढायची असेल तर पाठ काढ. मी दुकान उघडते. एवढंच हवंय मला, झहारी. दुसरं काही मागितलेलं नाही मी तुझ्याकडे कधी.”

“नाही मागितलंस,” तो म्हणाला.

तिने पाकिटातून नदीकाठचा तो फोटो काढला आणि त्याच्याशेजारी पायरीवर ठेवला. लागलाच तर असावा. कामगारांनी जुनं दार काढलं. निळा ल्युबेन आडवा झाला, चार हातांवर गल्लीतून गेला, आणि भाजणाऱ्या बायकांनी चिमटे खाली ठेवून त्याला वाट दिली.

नवं दार बसलं. झहारी दुकानात आला, फळीपुढे उभा राहिला.

“हिरवा आहे का? गडद?”

तिचा हात फळीवर थबकला. ल्युबेनने जन्मात हिरवं अंगाला लावलं नव्हतं. हिरवा कशाला लागतो ते तिला माहीत होतं. पानांना लागतो. मेलेल्याच्या तोंडाभोवती हिरव्या पानांची चक्रं काढतात. तिने डबा काढून दिला आणि सोबत विचारल्याशिवाय तो जुना राखाडी दिला. तो बाहेर गेला. झाकण उघडल्याचा आवाज तिने ऐकला.

ती आत बसली. एक गिऱ्हाईक कुलूप घेऊन गेलं. एक म्हातारा बिजागरी बदलून मागायला आला आणि बदलून न घेताच गप्पा मारून गेला. तिने फडताळातल्या काळ्या रुमालाची घडी मनातल्या मनात मोडली आणि परत घातली. गहू घरात होता. साखर आणावी लागली असती. उन्ह काउंटरवरून खाली उतरलं, जमिनीवर आलं, उंबऱ्याबाहेर गेलं. मग तिला राहवेना, ती गॅरेजपाशी गेली.

दार मोठं होतं आणि चित्र लहान. खालच्या बाजूला, हातभर उंचीचा एक माणूस, खूप पुढे गेलेला. पाठमोरा.

दाफिनाने दाराच्या चौकटीला धरलं. आहे. तो आहे. डावा खांदा पडलेला, तोच होता. अंगात गडद हिरवं जाकीट होतं, तिने कधी न पाहिलेलं, तिने कधी न धुतलेलं. डोक्यावर मागे केस विरळ झाले होते आणि साय धरलेल्या राखाडीने बाकीचे पिकले होते. ती खाली वाकली. तिचं बोट सवयीने कॉलरपाशी गेलं आणि रंगापासून जवभर अंतरावर थांबलं.

कॉलर सरळ होती. दोन्ही बाजूंनी नीट, पाठीवर सारखी बसलेली. पुरुषाला स्वतःची कॉलर मागून कधी इतकी नीट करता येत नाही. घरातून निघताना कुणीतरी केली होती. रोज करत असणार.

तिने बोट मागे घेतलं. गल्लीत बायका बरण्यांची झाकणं लावत होत्या. गिन्काने लांबूनच बघितलं आणि आज प्रथमच ती जवळ आली नाही.

झहारी डबा बंद करत होता. ब्रश त्याने चिंधीला पुसला, उलटा करून पुन्हा पुसला. फोटो पायरीवर जसा ठेवला होता तसाच होता, त्याने तो हातातसुद्धा घेतला नव्हता. दाफिना सरळ उभी राहिली तेव्हा तो तिच्यापासून दोन पावलांवर होता, तोंड दाराकडे. तिला वाटलं, आता हा काही बोलेल. तिलाही काहीतरी बोलायचं होतं, ल्युबेनबद्दल नव्हे. शब्द काको या शब्दामागे अडकून राहिला.

त्याने ब्रश खिशात ठेवला आणि तो वळला. दाराच्या कडेला रंग लावून पाहिला होता तिथे टेकल्यामुळे त्याच्या काळ्या कोटाच्या पाठीवर हिरव्याचा एक तळव्याएवढा डाग पडला होता. टर्पेंटाइन दुकानात होतं. हाक मारली असती तर दोन मिनिटांत निघाला असता. झहारी गॅरेजांच्या रांगेतून, विझत आलेल्या शेगड्यांमधून, तो डाग पाठीवर घेऊन ट्रककडे निघून गेला.